बेसमेंटमधला वास आणि काँक्रीट फोडायची घाई

पत्राचा सारांश: डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या एका जुन्या उपनगरात, १९५४ साली बांधलेल्या बैठ्या विटांच्या घरात राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. घर तीन वर्षांपूर्वी घेतलं. बेसमेंटमध्ये फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आणि वॉटर हीटरच्या शेजारी जमिनीत एक गोल जाळी आहे, म्हणजे फ्लोअर ड्रेन. दर वर्षी नोव्हेंबरपासून तिथून गटाराचा वास येतो, उन्हाळ्यात येत नाही. जानेवारीत एका प्लंबरने त्यात पाइप साफ करायची लवचीक तारेची केबल घातली. ती गंजाचे पापुद्रे आणि चिखल घेऊन वर आली. ‘खालचा पाइप गेलाय’ असं म्हणून त्याने काँक्रीट फोडून सगळं बदलण्याचं ६,८०० डॉलरचं एस्टिमेट दिलं. नवरा म्हणतो, मशीन भाड्याने आणून दोन वीकेंडमध्ये मीच करतो. न्यू जर्सीचे दीर म्हणतात, काँक्रीट ओतून ड्रेन बुजवून टाका, तो लागतो कोणाला? मे महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि त्यांची खोली बेसमेंटमध्येच करायची आहे. ‘सासूबाई आल्या आल्या म्हणतील, अमेरिकेत जाऊन गटारावर घर घेतलंत. या तिघांपैकी मी कोणाचं ऐकू?’

तुमच्या पत्रात सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: उन्हाळ्यात वास येत नाही. प्लंबरला हे सांगितलं होतंत का? माझा अंदाज, नाही. त्याने विचारलं नसणार आणि तुम्हालाही ते सांगण्यासारखं वाटलं नसणार. पण मी तुमच्या जागी असतो तर काँक्रीटला हात लावण्याआधी या एका वाक्यावर दोन दिवस घालवले असते.

त्याचं कारण सांगतो. फ्लोअर ड्रेन म्हणजे आपल्याकडच्या नहाणी ट्रॅपचा थोरला भाऊ. जाळीखाली पाइप सरळ गटाराला जात नाही, आधी तो इंग्रजी यू अक्षरासारखा वाकतो. त्या वाकणात, म्हणजेच ट्रॅपमध्ये, कायम दोन ते चार इंच पाणी उभं राहतं. गटारातला वायू आणि तुमची खोली यांच्यामध्ये अडसर असतो तो एवढ्या पाण्याचाच. पाणी आटलं की वाट मोकळी. आता तुमच्या फर्नेसच्या वरच्या पेटीतून एक पांढरी प्लॅस्टिकची नळी खाली येऊन ड्रेनच्या जाळीपाशी सोडलेली असेल, ती बघा. उन्हाळ्यात एसी चालतो तेव्हा हवेतलं दमट पाणी त्या नळीतून दिवसरात्र ठिबकत असतं आणि ट्रॅप आपोआप भरलेला राहतो. ऑक्टोबरात एसी बंद होतो आणि ठिबकणं थांबतं. फर्नेस सुरू झाली की बेसमेंटची हवा कोरडी खडखडीत होते. शिवाय थंडीत घरातली गरम हवा वर चढत राहते आणि खालून, मिळेल त्या फटीतून, हवा आत ओढली जाते. ट्रॅप कोरडा पडलेला असेल तर ती फट म्हणजे तुमचा ड्रेन. म्हणून वास नोव्हेंबरात सुरू होतो.

(तुमची फर्नेस नव्या पद्धतीची, प्लॅस्टिकच्या पाइपातून धूर बाहेर सोडणारी असेल तर ती हिवाळ्यातही पाणी सोडते. मग हा सगळा तर्क लंगडा पडतो. पत्र्याची चिमणी असेल तर तर्क टिकतो. बघून घ्या.)

म्हणजे पाइप धडधाकट आहे आणि प्लंबर थापा मारतोय, असं मी म्हणत नाही. सत्तर वर्षांचा बिडाचा ट्रॅप तळाशी गंजून चिरलेला असणं अगदी शक्य आहे. पाणी सतत तळाशीच उभं असतं, त्यामुळे बीड आधी तिथेच खाल्लं जातं. पण गंजाचे पापुद्रे म्हणजे फुटका पाइप नव्हे. त्या काळच्या कुठल्याही बिडाच्या पाइपात केबल फिरवली की पापुद्रे येतातच. चिखलाचं मात्र नीट बघायला हवं. काळा, बुळबुळीत, वास मारणारा चिखल हा साबण, केस आणि कपड्यांच्या तंतूंचा गाळ असतो, तो गटारातलाच. त्यात रेती असेल, बारीक खडी असेल, बोटांत चोळल्यावर करकरणारी करडी किंवा पिवळट माती असेल, तर ती पाइपाबाहेरून आत आलेली आहे, म्हणजे कुठेतरी पाइप उघडा पडलाय. तुम्ही फक्त ‘चिखल’ लिहिलंय. कोणता होता, ते त्या दिवशी तिथे उभं असलेल्या माणसाला विचारा.

तुम्ही विचारलंत, तिघांपैकी कोणाचं ऐकू. माझी अडचण अशी की तिघांनीही एक गोष्ट धरूनच चाललंय: पाइप फुटलाय. तो प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नाही. तुमच्या घरातला वाद, मला वाटतं, न बघितलेल्या पाइपावरून चाललाय.

तेव्हा या मंगळवारी रात्री एवढं करा. हातमोजे घाला, जाळी काढा, चांगली बॅटरी धरून आत वाका. बहुतेक जुन्या ड्रेनमध्ये दोन भोकं दिसतात. एक तळाशी, पाण्याचं. दुसरं बाजूच्या भिंतीत, थोडं वर. ते क्लीनआउट. ट्रॅपला वळसा घालून थेट पुढच्या पाइपात केबल घालता यावी म्हणून ते ठेवलेलं असतं आणि त्याला पितळी बूच असतं. ते बूच गंजून घट्ट बसतं, मग कधीतरी कोणीतरी ते फोडून केबल घालतं आणि नवं बूच न बसवता निघून जातं. तेव्हापासून ट्रॅप पाण्याने भरलेला असूनही वायू या दुसऱ्या भोकातून बिनदिक्कत वर येतो. अशी घरं मी इतकी पाहिली आहेत की आता कोणी बेसमेंटच्या वासाचं बोललं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: बाजूच्या भोकाला बूच आहे का? नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात, नट फिरवला की फुगणारं रबरी बूच मिळतं. भोकाचा व्यास मोजून न्या. खर्च दोन कॉफ्यांचा.

बूच जागेवर असेल, किंवा बसवून झालं असेल, तर बादलीने दोनेक गॅलन पाणी ओता. वाहायचं ते वाहून जाईल, उरलेलं ट्रॅपमध्ये स्थिरावेल. लाकडी पट्टी पाण्यात तळाला टेकवून उभी धरा आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा. जाळीवर प्लॅस्टिकची शीट घालून कडा चिकटपट्टीने बंद करा. त्या रात्री कपड्यांचं मशीन लावू नका, एसीची नळीही बाजूला काढून ठेवा, नाहीतर हिशेब चुकेल. एका तासाने बघा, सकाळी बघा, पुन्हा रात्री बघा.

दुसऱ्या रात्रीपर्यंत पाणी खुणेवरच असेल तर तुमचा ट्रॅप गळत नाही. पाणी आटतंय ते हवेमुळे, आणि त्याला आठवडे लागतात. मग उपाय एवढाच: थंडीत महिन्यातून एकदा बादलीभर पाणी, वर दोन चमचे खनिज तेल. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. स्वयंपाकाचं तेलही चालतं, पण ते खवट होतं आणि मग त्याचाच वास. तुमचे ६,८०० डॉलर वाचले, सासू-सासऱ्यांना घेऊन नायगारा करून या.

पाणी तासाभरात इंचभर उतरलं किंवा सकाळी तळ कोरडा दिसला, तर मात्र प्लंबरचं बरोबर होतं. ट्रॅप चिरलाय आणि ते पाणी तुमच्या स्लॅबखालच्या, म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीखालच्या, मातीत जातंय. ड्रेनभोवतीच्या फरशीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. भरीव जागी टणक आवाज येतो, खालची माती वाहून गेलेली असेल तिथे पोकळ, मडक्यासारखा येतो. पोकळ आवाज किती दूरवर येतो तिथपर्यंत खडूने रेघ मारा. पुढे काँक्रीट कुठवर कापायचं ते याच रेघेवरून कळतं.

त्यानंतर, आणि कोणाचंही एस्टिमेट मान्य करण्याआधी, कॅमेरा. क्लीनआउटमधून कॅमेरा घालून पुढचा पाइप रस्त्याच्या दिशेने जमेल तितका बघायचा. दोन-चारशे डॉलर लागतील, पण अट घाला की रेकॉर्डिंग तुम्हाला मिळालं पाहिजे आणि कोणत्या फुटावर काय आहे ते आवाजात सांगितलेलं असलं पाहिजे. ट्रॅप फुटलाय आणि पुढे सगळं ठीक आहे, हे एक काम. ट्रॅपपासून मुख्य पाइपापर्यंतचा तुकडा भाजक्या मातीचा आहे आणि त्याच्या सांध्यांतून झाडाची मुळं शिरली आहेत, हे अगदी निराळं काम. खड्डा खणून झाल्यावर ते कळलं तर एस्टिमेट वाढतं, आणि जमीन उघडी पडलेली असताना तुम्ही ‘नको’ म्हणू शकत नाही. १९७० च्या आधीचं घर असलेल्या कोणत्याही वाचकाने हे लक्षात ठेवावं. किंबहुना घर विकत घेतानाच हा कॅमेरा घालून घ्यावा.

आता दिरांचा सल्ला. बुजवून टाका! त्यांच्या घरात कदाचित फ्लोअर ड्रेन नसेलही, म्हणून त्यांना ते अडगळीचं भोक वाटत असेल. पण तुमच्या वॉटर हीटरला एक सुरक्षा झडप आहे. आत दाब वाढला की ती गरम पाणी बाहेर फेकते, आणि ते पाणी त्या ड्रेनकडेच जावं अशी जमिनीला उतार देऊन योजना केलेली आहे. टाकी एक दिवस तळाला फुटते, ती चाळीस-पन्नास गॅलन पाणी घेऊनच. एसीचं पाणी, मशीनची सुटलेली नळी, हे सगळं कुठे जाणार?

आणि त्याहून मोठी गोष्ट. तुमच्या भागातल्या कितीतरी जुन्या उपनगरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून वाहतं. ११ ऑगस्ट २०१४ ला डेट्रॉइट परिसरात काही तासांत चार ते सहा इंच पाऊस पडला आणि रॉयल ओक, वॉरन, डिअरबॉर्नमधली बेसमेंट्स फ्लोअर ड्रेनमधून वर आलेल्या पाण्याने भरली. २०२१ च्या जूनअखेरीस पुन्हा तेच. रस्त्याखालचं गटार तुंबलं की पाणी घरातल्या सगळ्यांत खालच्या भोकातून वर येतं. दीर म्हणतील, मग बुजवलेलंच बरं की! पण पाणी भोक बुजवल्याने थांबत नाही, पुढचं भोक शोधतं: बेसमेंटमधला संडास, कपड्यांचा सिंक. शिवाय १९५० च्या दशकातल्या घरांत पायाभोवतीच्या मातीतलं पाणी गोळा करणारा पाइपही बऱ्याचदा याच ड्रेनच्या ओळीला जोडलेला असतो. ड्रेन बुजवताना ती वाटही बंद झाली तर पाणी स्लॅबखाली साठतं, आणि साठलेलं पाणी स्लॅब वर उचलू शकतं. अ‍ॅन आर्बर शहराने पायाचं हे पाणी गटारापासून तोडायची मोहीम २००१ पासून हाती घेतली होती, त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या. सांगायचा मुद्दा, त्या जाळीखाली कोणकोणते पाइप येऊन मिळालेत ते माहीत नसताना त्यावर काँक्रीट ओतू नये.

जाता जाता एक काम उरकून टाका. तुमच्या घराच्या विम्यात गटाराचं पाणी उलटं आल्याचं कलम वेगळं घेतलंय का ते बघा. साध्या पॉलिसीत ते नसतं. २०१४ मध्ये अनेकांना हे नंतर कळलं.

राहिले तुमचे मिस्टर. ‘चार व्हिडिओ बघून प्लंबर झालेत’ असं तुम्ही लिहिलंय. वाक्य गमतीचं आहे, पण त्यात राग आहे. मला त्यांची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. या कामातला मोठा भाग खरोखरच अंगमेहनतीचा आहे: कापणं, फोडणं, खणणं, बादल्या जिन्याने वर नेणं, शेवटी काँक्रीट कालवून ओतणं. एस्टिमेटमधले बरेचसे पैसे याच हमालीचे असतात. प्रत्यक्ष पाइप जोडायचं काम जाणत्या माणसाला अर्ध्या दिवसाचं. म्हणून मी दोघांच्या मधला रस्ता सुचवेन. खणायचं आणि भरायचं काम मिस्टरांनी करावं, पाइपाचं काम परवानाधारक प्लंबरने. सगळे प्लंबर याला तयार होत नाहीत, पण तीन-चार जणांना सरळ विचारा: ‘खड्डा आम्ही तयार ठेवला तर ट्रॅप आणि जोडणीचे किती घ्याल?’ मिशिगनमध्ये स्वतः राहत असलेल्या घरापुरतं परमिट घरमालकालाही काढता येतं, तेव्हा मिस्टरांनी सगळंच करायचं ठरवलं तरी ते बेकायदा नाही. परमिट मात्र काढायचंच. इन्स्पेक्टरला उघडा खड्डा दाखवल्याशिवाय बुजवायचा नाही. घर विकताना या कागदाची किंमत कळते.

पण मशीन आणायच्या आधी त्यांना तीन गोष्टी सांगा. माझं नाव घेऊन सांगा, म्हणजे भांडण माझ्याशी होईल.

पहिली, फरशी. बेसमेंटच्या जमिनीवर किंवा कार्पेटखाली नऊ इंच बाय नऊ इंचाच्या जुन्या टाइल्स असतील तर त्यांत आणि खालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असण्याची दाट शक्यता असते. एक तुकडा ओला करून, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत द्यायचा. उत्तर येईपर्यंत करवत बंद.

दुसरी, धूळ. हे मी स्वतःच्या पापातून सांगतोय. पहिल्या घरात मी असाच एक चौकोन कोरड्या ब्लेडने कापला होता. दार बंद केलं होतं, खिडकी उघडली होती, तोंडाला रुमाल बांधला होता. फर्नेस बंद करायला विसरलो. तिने बेसमेंटची हवा ओढली आणि घरभर वाटली. पुढे दोन आठवडे आमच्या पोह्यांवर सिमेंट होतं आणि बायको माझ्याशी फक्त मुलांमार्फत बोलत होती. गंमत सोडून द्या, काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. इथल्या कामगार कायद्यात तिची मर्यादा हवेच्या एका घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली ठेवलेली आहे. तेव्हा पाणी सोडत चालणारी डायमंड ब्लेडची करवत, पी-१०० फिल्टरचा मास्क, फर्नेस बंद, तिची हवा ओढणारी तोंडं प्लॅस्टिकने झाकलेली. आणि हे एप्रिलमध्ये, फर्नेस बंद ठेवता येईल अशा दिवशी.

तिसरी, ज्योत. पाइप उघडा पडला की त्याचं तोंड लगेच फुगणाऱ्या बुचाने बंद करायचं. नाहीतर गटाराचा वायू वर येतो आणि खड्ड्यातले दगड खाली जातात. पीव्हीसीच्या प्रायमर आणि सोल्यूशनची वाफ पेट घेते, आणि तुमचा ड्रेन आहे वॉटर हीटरच्या शेजारी. हीटरची ज्योत आधी विझवा.

कामाचा साधारण आकार सांगतो, म्हणजे प्लंबर आला तरी तो काय करतोय ते तुम्हाला कळेल. ड्रेनभोवती तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन कापायचा. पोकळ आवाजाची रेघ त्याबाहेर जात असेल तर तिथपर्यंत. स्लॅब बहुधा तीन-चार इंचांचा निघतो. खाली दीड-दोन फूट हाताने खणायचं, काँक्रीट फोडायच्या ब्रेकरने नव्हे, नाहीतर चांगला पाइपही फुटतो. घराच्या पायाच्या जवळ जाऊन त्याखाली खणायचं नाही. जुना पाइप कुठे कापायचा हे ठोकून ठरवतात. निरोगी बीड घंटेसारखं वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. वाजणाऱ्या भागात कापायचं. नवा ट्रॅप जोडताना मधला रबरी जोड साधा नको, वर स्टीलचं कवच असलेला हवा, म्हणजे मातीच्या वजनाने दोन पाइप एकमेकांवरून सरकत नाहीत. आणि जोड घेताना दुकानात नेमकं सांगायचं: बीड ते पीव्हीसी, की भाजकी माती ते पीव्हीसी. दोन्ही पाइप चार इंची म्हणवले तरी बाहेरून त्यांची जाडी वेगळी असते, एकाचा जोड दुसऱ्याला बसत नाही. शनिवारी संध्याकाळी हे कळणं फार वाईट. उतार तीन-चार इंची पाइपला दर फुटाला किमान एक अष्टमांश इंच. जागा असेल तर पाव इंच ठेवा. काही शहरं स्लॅबखाली प्लॅस्टिक चालवतात, काही बीडच मागतात, ते परमिटच्या खिडकीवरच विचारा.

मग पाणी ओतून गळती तपासायची, इन्स्पेक्टरला दाखवायचं आणि मगच वाळू थराथराने ठासून भरायची. घाईने एकदम भरलेली वाळू दोन वर्षांत बसते आणि वरचा तुकडा खचतो. जुन्या स्लॅबच्या कडेत भोकं पाडून सळ्यांचे तुकडे इपॉक्सीने बसवले तर नवा तुकडा जुन्याला धरून राहतो. वर जाड प्लॅस्टिकची शीट, मग काँक्रीट. तीन बाय तीन फूट, चार इंच जाडी, म्हणजे तीन घनफूट. ८० पाउंडांच्या एका पिशवीत ०.६ घनफूट काँक्रीट होतं, तेव्हा पाच पिशव्या. सहा आणा. जाळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित खाली ठेवा. हे विसरून सुंदर सपाट काम केलेले लोक मला माहीत आहेत. त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी आता ड्रेन सोडून सगळीकडे जातं. नंतर आठवडाभर तो तुकडा ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचा.

चिरलेल्या ट्रॅपमध्ये वरून इपॉक्सी किंवा सिमेंट ओतून भेग बुजवायची जाहिरात कोणी केली तर त्या वाटेला जाऊ नका. भेगेपर्यंत ते पोचेलच असं नाही, ट्रॅपचं तोंड मात्र नक्की अरुंद करेल.

मे महिन्याबद्दल. तुमच्या पत्रातली खरी घाई सासू-सासऱ्यांच्या तिकिटाची आहे, पाइपाची नव्हे. पाणी गळतंय असं ठरलं तरी तो पाइप काही वर्षं गळत असणार, आणखी दोन महिन्यांनी आकाश कोसळत नाही. ट्रॅपच्या तोंडात वरून बसवायची एकतर्फी झडप मिळते. पाणी खाली जाऊ देते, वायू आणि त्या बारीक केसाळ माश्या वर येऊ देत नाही. तीस-चाळीस डॉलरमध्ये उन्हाळा निघेल. फक्त ड्रेनमध्ये मुद्दाम पाणी सोडू नका. कारण भेगेतून जाणारं प्रत्येक बादलीभर पाणी थोडी माती घेऊन जातं. काम मग सावकाश, तीन एस्टिमेट हातात घेऊन करा.

पण एक विचारू का? त्यांची खोली बेसमेंटमध्येच का? वरच्या मजल्यावर जागा नसेल, मान्य. तरी बघा, त्या खोलीला आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का. इथल्या बांधकाम नियमांत झोपायच्या खोलीच्या खिडकीचं उघडं माप किमान ५.७ चौरस फूट (जमिनीलगतच्या किंवा तिच्याखालच्या खिडकीला ५) लागतं, रुंदी २० इंच, उंची २४ इंच, आणि जमिनीपासून खिडकीचा तळ ४४ इंचांपेक्षा वर नको. १९५४ च्या बेसमेंटमधली ती छताजवळची काचेची फट यात कुठेच बसत नाही. शिवाय सत्तरीतल्या माणसांना रात्री दोनदा तो उभा जिना. तुमच्याकडे ऑफिसची खोली वर आहे असं पत्रातच आहे. मिस्टरांचं टेबल सहा महिने खाली आणि आई-बाबांचा पलंग वर, असं करता येईल का? मग वासाचा प्रश्न मिस्टरांच्या नाकाखाली राहील आणि बघा किती लवकर सुटतो.

वास गटाराचा नसून कुजक्या कांद्यासारखा, घरच्या गॅसचा आहे अशी जरा जरी शंका आली तर हे सगळं बाजूला ठेवून घराबाहेर पडा आणि गॅस कंपनीला फोन करा. आणि बराच वेळ खाली बसल्यावर ‘आता येत नाही वास’ यावर विश्वास ठेवू नका, नाक सरावतं. बाहेर चक्कर मारून परत येऊन हुंगायचं, किंवा शेजारणीला चहाला बोलावून तिला हुंगायला सांगायचं.

पट्टी, पेन्सिल आणि बॅटरी घरात असेलच. मंगळवारी रात्रीची खूण आणि बुधवार सकाळची खूण यांच्यात किती अंतर पडलं, बाजूच्या भोकाला बूच होतं की नाही, आणि तो चिखल करकरत होता का, एवढं तीन ओळींत कळवा. खड्डा खणावा लागलाच, तर बुजवण्याआधी आत मोजपट्टी धरून दोन भिंतींपासूनच्या अंतरासकट फोटो काढून ठेवा आणि वॉटर हीटरच्या मागच्या भिंतीवर चिकटवा.